दुसऱ्या मजल्यावरचा बाक

न्याय ही मानवजातीने आजवर उभारलेली सर्वांत उंच वास्तू असून तिच्या पायऱ्यांवर थोर आणि सामान्य यांच्यात काडीचाही भेद उरत नाही, अशा अर्थाचं एक वाक्य कोर्टाच्या दर्शनी भिंतीवर संगमरवरात कोरलेलं आहे. त्या सकाळी त्याच्या बरोबर खाली खडूने लिहिलेली एक पाटी टेकवून ठेवली होती: मागची लिफ्ट बंद आहे, सर्वांनी मोठ्या जिन्याने जावे. दोन्ही मजकूर पाठोपाठ वाचले तर पहिला लिहिणाऱ्याला दुसऱ्याची पूर्वकल्पना असावी असं वाटलं असतं. पाणीबाईने फक्त खडूचा वाचला. संगमरवराचा तिने चौदा वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या दिवशी मन लावून वाचून घेतला होता, आणि त्यानंतर त्यात काही सुधारणा झाल्याचं तिच्या कानावर आलं नव्हतं. खडूचा मात्र तिने दोनदा वाचला. तिच्या शेजारी अडुसष्ट वर्षांच्या शिवणकाकू उभ्या होत्या, आणि शिवणकाकूंच्या उजव्या गुडघ्याने गेल्या महिन्यापासून असहकार पुकारला होता.

पाणीबाई हे काही तिला आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. आईवडिलांनी ठेवलेलं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं आणि दाराच्या पाटीवर हुद्दा होता: पीडित व साक्षीदार साहाय्य समन्वयक. ही पाटी इतकी लांब होती की तिचा शेवटचा वीतभर भाग शेजारच्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीच्या दारावर जाई. त्यामुळे नक्कल काढायला आलेली माणसं तिच्याकडे येऊन तिष्ठत बसत आणि रडायला आलेली माणसं कागदपत्रांच्या खोलीत जाऊन रडत. तिथला कारकून फार हळवा झाला होता म्हणतात. वकील मंडळींना हुद्दा उच्चारायला वेळ नव्हता. ही बाई येणाऱ्या प्रत्येकाला आधी ‘पाणी घेता?’ विचारते एवढं त्यांच्या लक्षात आलं होतं, त्यावरून त्यांनी नाव पाडलं आणि ते चिकटलं. तिला त्याचा राग नव्हता. चौदा वर्षांत तिने जे काही केलं त्यातलं निम्मं तरी त्या दोन शब्दांत येत होतं.

उरलेलं निम्मं काय, हे तिच्या सख्ख्या भावालाही नीट सांगता येत नसे. बहीण कोर्टात आहे म्हटलं की लोक ‘वकील का?’ असं विचारत. वकील नाही. मग पोलीस? पोलीसही नाही. मग काय करते? तो म्हणे, ‘ती लोकांना खुर्चीपर्यंत नेते आणि परत आणते.’ थट्टेत म्हणे, पण इतकी अचूक व्याख्या खात्याच्या पुस्तिकेतही नव्हती. साक्षीच्या आदल्या दिवशी ती माणसाला रिकाम्या कोर्टात नेई. हा साक्षीदाराचा पिंजरा, याला पिंजरा का म्हणतात ते मला विचारू नका, मीही वरपर्यंत विचारून दमले. इथे न्यायाधीश, इथे टाईप करणारा, तो वर बघत नाही, त्याचा राग मानू नका. आरोपी तिथे. त्याच्याकडे बघायलाच हवं असं नाही, विचारलं तरच बघायचं. प्रश्न कळला नाही तर कळला नाही म्हणायचं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं, त्यात कमीपणा नाही. स्वच्छतागृह डावीकडे, कडी वरची लावा, खालची अडकते. फक्त एक गोष्ट ती कधी करत नसे. काय झालं, ते ती विचारत नसे आणि कोणी सांगू लागलं तर ऐकत नसे. ऐकलं की समोरचा वकील उठून म्हणणार, या बाईने साक्षीदाराला पढवलंय. म्हणून माणूस तोंड उघडू लागला की ती तळहात वर करी: ‘ते मला नाही. आत सांगायचं.’ साक्षीदाराचा रक्तदाब तिला ठाऊक असे, मुलगी नापास झालेली ठाऊक असे, कुठल्या कुशीवर झोप लागते तेही ठाऊक असे. ज्या एका गोष्टीसाठी तो माणूस तिच्यासमोर बसलेला असे तेवढीच ठाऊक नसे. ती गोष्ट तिला सगळ्यांबरोबर, मागच्या बाकावर बसून, पहिल्यांदा कळे. काही वेळा तिला वाटे, आपण असे वाचक आहोत की ज्यांना पुस्तकाची बांधणी, शिवण, वास सगळं पाठ आहे, आणि मजकूर मात्र दुसराच कोणी मोठ्याने वाचून दाखवेल तेव्हा कळतो.

या नोकरीत ती कशी आली, याचं कारण अर्जात तिने ‘समाजसेवेची आवड’ असं लिहिलं होतं. खरं कारण एक बाक होता. ती अकरा वर्षांची असताना आईला साक्षीला बोलावलं होतं. समोरच्या सायकलवाल्याला एका मालट्रकने उडवलं तेव्हा आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. घरी कोणी नव्हतं म्हणून आई तिला बरोबर घेऊन गेली. लांबलचक बाक होता आणि त्याच बाकावर गाडीवाल्याची सगळी माणसं बसली होती, त्याचा काका, त्याचे दोन भाऊ, एक चष्मेवाली बाई. ते काही बोलले नाहीत, धमकी दिली नाही, नुसते बसले होते, मांडीला मांडी लावून. सकाळ गेली, दुपार झाली. आईचा पाय हलायला लागला. आईला स्वच्छतागृहात जायचं होतं आणि ते कुठे आहे हे विचारण्यासारखं त्या सबंध इमारतीत कोणी नव्हतं. बाकावरच्या माणसांना विचारणं शक्य नव्हतं. चार वाजता पुकारा झाला. आई आत गेली आणि तीन मिनिटांत परत आली. ‘मला काही आठवत नाही,’ असं सांगून आली होती. गाडीवाला सुटला. वाटेत एका दवाखान्यात शिरून आईने आपलं काम उरकलं, आणि त्यानंतर पुढची तीस वर्षं तिला सगळं आठवत राहिलं. शर्टाचा रंग, फुटलेला दिवा, गाडीवाला मान वळवून कोणाशी तरी हसत होता ते. इस्त्री करता करता मध्येच थांबून ती सांगे, ‘हसत होता गं.’ इस्त्रीखाली चादर पिवळी पडे. न्याय म्हणजे काय असं पाणीबाईला कोणी विचारलं असतं तर तिने त्या माणसाला संगमरवराकडे पाठवलं असतं. पण तो अडतो कुठे, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

म्हणूनच तिने सबंध इमारतीचा आपल्या मनात दुसराच नकाशा काढला होता. तो कुठल्याही भिंतीवर लावलेला नव्हता. त्यात साक्षीदार मागच्या फाटकाने येई, लिफ्टने थेट तिसऱ्या मजल्यावर तिच्या खोलीत जाई आणि आरोपीची माणसं मोठ्या जिन्याने येत. दोन्हीकडच्यांचं पाण्याचं यंत्र वेगळं, स्वच्छतागृह वेगळं, जेवायच्या वेळा वेगळ्या. आरोपीच्या घरच्यांना ती चेहऱ्यावरून नाही, चपलांवरून ओळखी. चेहरे कोर्टात सगळ्यांचे सारखेच होतात. हा नकाशा तिने चौदा वर्षं एका ओरखड्याशिवाय चालवला होता. त्या सकाळी तो एका खडूने पुसला.

शिवणकाकूंचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं, एका दाराचं. फाइलीवर एवढंच होतं: दुकानात शिरून मारहाण, कपाळाला जखम, तीन टाके, साक्षीदार एक. ही एक म्हणजे काकूच. पाणीबाईने पहिल्या भेटीत त्यांना चुकून आजी म्हटलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघितलं होतं. ‘आजी म्हणायला मला नातू आहे. तो म्हणतो तेवढं पुरे होतं.’ मग काकू ठरलं. कपाळावरच्या टाक्यांवरून त्या डॉक्टरवर फार नाराज होत्या. टाके लांब लांब घातलेत, कडा जुळवली नाही, शिकाऊ पोरीनेही असं काम केलं तर मी उसवायला लावीन, असं त्या म्हणत. हा पुराव्याचा भाग मानून तळहात वर करावा की कसं, याचा पाणीबाईने बराच विचार केला होता आणि शेवटी ही निव्वळ कलासमीक्षा आहे असं ठरवून ऐकून घेतलं होतं. काकू आजवर तीनदा येऊन परत गेल्या होत्या. एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा वकील आजारी, एकदा वीज नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी पर्स उचलता उचलता शांतपणे सांगितलं होतं की, मी गिऱ्हाइकाला तारीख दिली की त्या तारखेला कपडा तयार असतो, चाळीस वर्षं. पुढची तारीख ही चौथी. पाचव्यांदा मी यायची नाही. ‘धमकी देत नाहीये हो,’ त्या म्हणाल्या, ‘माप सांगतेय.’ पाणीबाईला मापाची किंमत कळत होती. काकू आल्या नाहीत तर दुसरा साक्षीदारच नव्हता.

तर त्या सकाळी गर्दी व्हायच्या आत, नऊलाच, दोघी मोठा जिना चढू लागल्या. काकू एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवून थांबत आणि पायरीकडे अशा बघत की जणू तिने चुकीचं माप दिलंय. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक बाक आहे. त्या बाकावर काकू बसल्या आणि म्हणाल्या, आता जरा हे यंत्र थंड होऊ दे. वरच्या खोलीची किल्ली शिपायाकडे होती. साक्षीदाराला एकटं सोडायचं नाही, हा पाणीबाईचा पहिला नियम. तो तिनेच केला होता आणि तिनेच तीन तालुक्यांतल्या समन्वयकांना शिकवला होता. पण जिना रिकामा होता, खोली उघडी करून ठेवली तर काकूंना दारात उभं राहावं लागणार नाही, आणि काकूच म्हणाल्या, ‘जा गं, मी काही पळून जात नाही, पळता आलं असतं तर बसले असते का?’ ती गेली. शिपायाला किल्ली सापडेना. त्याने ड्रॉवर बघितले, खिसे बघितले, मग ती त्याच्या डाव्या हातातच निघाली, आणि आपण शोधत होतो ते कुलूप, किल्ली नव्हे, असं काहीसं तो पुटपुटला. यात पाच मिनिटं गेली असतील.

ती परत वळणावर आली तेव्हा बाकावर दोन बायका होत्या. दुसरी करड्या स्वेटरची, काकूंच्याच वयाची. तिने काकूंचा गुडघा आपल्या मांडीवर घेतला होता आणि वाटीच्या खाली, आतल्या बाजूला, अंगठ्याने गोल गोल दाबत होती. काकूंनी डोळे मिटले होते. त्यांच्या चेहऱ्यावर पाणीबाईने इतक्या महिन्यांत न पाहिलेलं काहीतरी होतं, सैल सोडलेलं. पाणीबाईने स्वेटरवालीचे बूट पाहिले. मळक्या पांढऱ्या कापडाचे, उजव्याला तपकिरी नाडी, डाव्याला पांढरी. तीन तारखांना तिने ते मागच्या बाकाखाली पाहिले होते. आरोपीची आई. धक्का म्हणावा तर केवढासा, एक अंगठा आणि एक गुडघा. पण तिच्या कानांत एकदम शांत झालं, पाण्याखाली डोकं गेल्यावर होतं तसं. त्या बाईने वर पाहिलं. पाणीबाईला पाहून तिने हात काढला, आणि त्या हात काढण्यातच कळलं की तिला सुरुवातीपासून ठाऊक होतं आपण कोणाचा गुडघा दाबतोय. ती कठड्याला धरून उठली. ‘आता बरं वाटेल,’ ती काकूंना म्हणाली, ‘उतरताना मात्र आडव्या उतरा.’ आणि वर निघून गेली, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत.

खोलीत आल्यावर काकू म्हणाल्या, फार भली बाई, हात बघ कसा, दोन मिनिटांत गुडघा वितळवला, कोण होती गं? पाणीबाई म्हणाली, ‘पाणी घेता?’ चौदा वर्षांत हा प्रश्न तिने पहिल्यांदाच उत्तर टाळण्यासाठी वापरला, आणि पेला भरताना तिला स्वतःचाच हात परका वाटला.

आता काय. कोणी पाहिलं नव्हतं. त्या दोघी काय बोलल्या असतील? गुडघ्याचंच. स्वेटरवाली स्वतःहून सांगणार नाही, तिला सांगून काय मिळणार. आपण गप्प बसलो तर अकरा वाजता पुकारा होईल, काकू आत जातील, सांगतील, संपेल. आपण सांगितलं तर सरकारी वकिलांना ते कोर्टाला सांगावं लागेल. समोरचा वकील उठून म्हणेल, साक्षीदार आणि आरोपीच्या घरच्यांचा संपर्क झालाय, चौकशी व्हावी, पुढची तारीख द्यावी. पाचवी. म्हणजे काहीच नाही. म्हणजे आणखी एक बाई आयुष्यभर काहीतरी करता करता मध्येच थांबून सांगत राहणार, आणि या वेळी बाकावर बसवणारी आपणच. तिच्या मनात हे सगळं एका दमात आलं आणि त्यामागून, फार सावकाश, दुसरं आलं. पिंजऱ्यात उभ्या राहिल्यावर काकू समोर बघतील. मागच्या बाकावर तो स्वेटर असेल. नेमकं त्या क्षणी त्यांना कळेल की तो अंगठा कोणाचा होता. आणि त्याच क्षणी कोणीतरी विचारत असेल, तो माणूस इथे आहे का. ती माणसाला खुर्चीपर्यंत नेत असे. अंधारात नेत नसे. शिवाय आणखी एक गोष्ट होती, तिला ती स्वतःशीही कबूल करायला आवडली नाही: गप्प बसावं असं वाटण्यात काकूंची काळजी किती आणि तीन तालुक्यांत आपण शिकवलेल्या नियमाची काळजी किती, हे तिला नीट वेगळं करता येईना.

सरकारी वकील चहा घेत होते. तिने उभ्यानेच सांगितलं, मी साक्षीदाराला पाच मिनिटं एकटं सोडलं, आरोपीची आई शेजारी येऊन बसली, गुडघा दाबला, माझी चूक आहे. वकिलांनी छताकडे पाहिलं. छतावर काही नव्हतं. मग म्हणाले, ‘तुम्ही हे मला सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं.’

‘म्हणूनच सांगतेय.’

‘तारीख पडेल.’

‘पडू शकते.’

त्यांनी चहा तसाच ठेवला. कोर्टात चहा अर्धवट सोडणारा वकील तिने त्याआधी पाहिला नव्हता, यावरूनच प्रकरणाचं वजन तिला कळलं.

काकूंना सांगायला ती परत आली आणि त्यांच्या समोर नाही, शेजारी बसली. कठीण गोष्ट शेजारी बसून सांगायची असते, हेही तीच शिकवत असे. काकू ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी गुडघ्याकडे पाहिलं, जणू तोही यात सामील होता.

‘त्याची आई?’

‘हो.’

‘आणि तिला ठाऊक होतं मी कोण?’

‘होतं.’

खिडकीबाहेर कोणीतरी टाईपरायटरच्या फिती विकत होतं, त्या अजून कोण घेतं देव जाणे. मग काकू म्हणाल्या, ‘तरी दाबला.’ आणि थोड्या वेळाने, वेगळ्याच आवाजात, ‘हात चांगला होता तिचा.’ पाणीबाईला वाटलं, गेलं. आता या पर्स उचलतील. तिने मनातल्या मनात टॅक्सीसुद्धा बोलावली. काकूंनी पर्स उचलली, उघडली, रुमाल काढला, चष्मा पुसला. ‘तिने तिचं केलं,’ त्या म्हणाल्या, ‘मला माझं करू दे. तारीख बदलू नका म्हणावं तुमच्या साहेबांना.’

अकरा वाजता काकूंना बाहेर खुर्चीवर बसवून, शेजारी शिपायाला उभा करून, पाणीबाई आत गेली. शिपायाने ही जबाबदारी इतकी मनावर घेतली की त्याने दोन वकिलांनाही त्या दाराने जाऊ दिलं नाही. आत सरकारी वकिलांनी झाला प्रकार सांगितला. न्यायाधीशांनी पाणीबाईला उभं केलं. तिने पुन्हा तेच सांगितलं, शब्द न बदलता. मग आरोपीच्या आईला पुढे बोलावलं. काय बोलणं झालं, असं न्यायाधीशांनी विचारलं. ती म्हणाली, गुडघ्याचं बोललो साहेब, खटल्याचं नाही. त्यांनी विचारलं, या साक्षीदार आहेत हे माहीत होतं? ती म्हणाली, होतं. मग का बसलात? ती जरा गोंधळली. ‘साहेब, दुसरा बाक नाहीये तिथे.’

बचावाचे वकील उठले. बोलले फार चांगलं; साक्षीची पवित्रता, संशयाची छाया, निष्पक्षता, हे सगळं त्यात होतं, आणि शेवटी पुढची तारीख मिळावी अशी विनंती होती. पाणीबाईने पुढच्या बाकाची कड धरली. ‘नको,’ असं कोणीतरी म्हणालं. आवाज मोठा नव्हता. आरोपीची आई अजून पुढेच उभी होती, तिला मागे जायला कोणी सांगितलंच नव्हतं. वकील तिच्याकडे वळले. ते तिच्याच मुलाचे वकील होते. ‘तारीख नको,’ ती त्यांना म्हणाली, ‘काय व्हायचं ते आज होऊ दे. मलाही आता जिने चढवत नाहीत.’ पिंजऱ्यापलीकडे तिच्या मुलाने मान खाली घातली. वकील क्षणभर उभे राहिले, मग हळूच बसले. न्यायाधीशांनी काहीतरी लिहिलं आणि सांगितलं, साक्ष आजच होईल. समन्वयकांनी कामकाज संपल्यावर दालनात भेटावे.

साक्ष चालू असताना पाणीबाई कुठे बसते, हे ठरलेलं असे: साक्षीदाराची नजर उचलली की पडेल तिथे. आणि तिथे बसून तिने काही करायचं नसे. मान हलवायची नाही, हसायचं नाही, भुवईसुद्धा नाही. नुसतं असायचं. हे वाटतं त्याहून फार अवघड आहे. नुसतं असायला तिला चार वर्षं शिकावं लागलं होतं. काकू आत आल्या. पहिल्यांदा त्यांनी पिंजऱ्याची कड हाताने चाचपली, लाकूड कसलं आहे बघितल्यासारखी. मग मागच्या बाकाकडे पाहिलं. करडा स्वेटर तिथे होता. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि पाणीबाईला इतकंच दिसलं की दोघींपैकी कोणीही नजर खाली केली नाही. मग काकू न्यायाधीशांकडे वळल्या आणि सांगू लागल्या, आणि पाणीबाईला नेहमीप्रमाणे गोष्ट पहिल्यांदा कळू लागली.

एक बाई ब्लाउज घ्यायला आली होती. तिच्या मागोमाग हा आत शिरला आणि तिची पर्स ओढू लागला. काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या. याने भिंतीवरची लाकडी मीटरपट्टी काढली आणि त्यांच्या कपाळावर घातली. ‘ती पट्टी वाकडी आहे, म्हणून टांगून ठेवली होती. मोजायला मी लोखंडी वापरते.’ ती बाई पळाली, पुन्हा कधी आली नाही, ब्लाउज अजून पडून आहे. का आडव्या उभ्या राहिलात, असं विचारल्यावर काकूंना प्रश्नच कळला नाही. त्यांनी आदल्या दिवशी सांगितल्याप्रमाणे तसं सांगितलं. पुन्हा विचारल्यावर म्हणाल्या, ‘दुकान माझं. गिऱ्हाईक माझं.’ टाईप करणाऱ्याने वर पाहिलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

तो माणूस इथे आहे का? ‘आहे,’ काकू म्हणाल्या, ‘तो.’ त्यात राग नव्हता, जिंकणंही नव्हतं. बचावाचे वकील उठले. त्यांनी चष्म्याचं विचारलं. काकू म्हणाल्या, दोरा ओवताना लागतो, माणूस दोऱ्याएवढा नसतो. मग त्यांनी विचारलं, झटापट मिनिटभराची, तुम्ही घाबरलेल्या, मग इतक्या खात्रीने ओळखलं कशावरून? काकूंनी जरा विचार केला. ‘पायापासून सांगते,’ त्या म्हणाल्या. ‘याचा डावा पाय उजव्याहून अर्धा इंच आखूड आहे. त्याला स्वतःला ठाऊक नसेल. म्हणून पँटची डावी मोहरी जमिनीला घासते आणि मागून उसवते. तो पळाला तेव्हा मी खाली पडलेली, समोर तेवढंच दिसलं. आत्ताही उसवलेली आहे, बघा.’ सगळ्यांनी पाहिलं. होती. ‘अशा मोहऱ्या शहरात शेकडो असतील,’ वकील म्हणाले. काकू म्हणाल्या, ‘असतील. पण त्या सगळ्यांनी मला मारलं नाही. चेहराही याचाच आहे. तुम्ही कशावरून ओळखलं ते विचारलंत, म्हणून खालून सुरुवात केली.’ एव्हाना कोर्टातला एकूण एक पुरुष, सरकारी वकील, पोलीस, शिपाई, बचावाचे वकील स्वतः, मान वाकवून आपल्या डाव्या पायाकडे बघत होता. फक्त पाणीबाई काकूंकडे बघत होती. तिला भुवईही हलवायची नव्हती. ती हलली नाही. पण डोळ्यांचं काय करायचं, याबद्दल पुस्तिकेत काही नव्हतं, आणि तिने पुसलेही नाहीत, कारण पुसणं हीसुद्धा हालचालच. तिला आईचा हलणारा पाय आठवला नाही, संगमरवर आठवला नाही. तिला एवढंच वाटत होतं की ही बाई तिथे उभी आहे, त्या गुडघ्यावर, आणि आपल्याला हे बघायला मिळतंय, याचा खरं तर पगार घ्यायला नको.

साक्ष संपल्यावर तिने काकूंना मागच्या दाराने बाहेर आणलं, जिना आडव्या पावलांनी उतरवला, टॅक्सीत बसवलं. त्यांना भूक लागली होती. टॅक्सी वळेपर्यंत ती थांबली आणि मग वर निघाली, दालनात भेटायला.

तिसऱ्या मजल्यापर्यंत तिने राजीनाम्याचा मसुदा तयार केला. पहिल्या मजल्यावर तो सविस्तर होता, दुसऱ्यावर दोन ओळींचा झाला. न्यायाधीश झगा काढून बसले होते आणि त्यामुळे बरेच लहान दिसत होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं. तिची चूक गंभीर होती असं ते म्हणाले. ती हो म्हणाली. पण तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत, कोणी विचारलेलं नसताना, तेही मी नोंदीत लिहिलंय, असं म्हणून त्यांनी कागद तिच्याकडे वळवून दाखवला. खरंच लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात.

‘चौदा वर्षांतली पहिलीच चूक का?’ त्यांनी विचारलं.

‘कळलेली पहिली.’

त्यांनी मान हलवली, पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं. तिला वाटलं, आता जायला सांगतील. ते मात्र दाराकडे पाहून, आवाज बराच खाली आणून बोलू लागले. निकाल लागेपर्यंत त्यांच्याकडून असं काही होणं शक्यच नव्हतं, औचित्याचा प्रश्न होता, हे तिने लक्षात घ्यावं. निकालानंतरही काही दिवस जाऊ द्यावेत असं त्यांचं मत होतं. पण तीस वर्षं घरातले म्हणतायत की मी पाय घासत चालतो, आणि आज पहिल्यांदा... त्यांनी टेबलाखालून डावा पाय थोडासा बाहेर काढला. मोहरी मागून उसवलेली होती.

‘त्या बाईंच्या दुकानाचा पत्ता,’ ते म्हणाले, ‘तेवढा जपून ठेवाल का?’